भरलेल्या लाइनसाठी अ‍ॅम्प्लिफायर कसा तपासावा

‘गेन २० डीबी, नॉइज फिगर ५ डीबी, पास’ असा एका ओळीचा अहवाल तुमच्या टेबलावर आला, तर सही करण्याआधी एक प्रश्न विचारा : तपासताना इनपुटला किती चॅनेल होते आणि त्यांची एकूण पॉवर किती होती? ‘एक लेझर लावला होता’ असं उत्तर आलं तर तो अहवाल परत पाठवा. एका लेझरवर अ‍ॅम्प्लिफायर पास झाला, एवढ्यावरून तो ४० किंवा ८० चॅनेलच्या डीडब्ल्यूडीएम लाइनवर कसा वागेल हे कळत नाही. टेलिकॉममध्ये नव्या लिंकची अ‍ॅक्सेप्टन्स टेस्ट घेणारे तरुण इंजिनिअर आणि कॉलेजच्या फायबर लॅबमध्ये प्रयोग बसवणारे शिक्षक, या दोघांसाठी हा लेख आहे.

आधी यंत्राचा स्वभाव पाहू. एर्बियम मिसळलेल्या काही मीटर फायबरमध्ये ९८० किंवा १४८० नॅनोमीटरचा पंप लेझर सोडला की एर्बियमचे आयन उत्तेजित होतात, आणि १५३० ते १५६५ नॅनोमीटरच्या पट्ट्यातला, म्हणजे सी-बँडमधला प्रकाश त्या फायबरमधून जाता जाता वाढत जातो. हाच ईडीएफए. १९८७ साली इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या डेव्हिड पेन यांच्या गटाने आणि अमेरिकेत बेल लॅब्जमधल्या इमॅन्युएल देसुर्विर यांच्या गटाने तो करून दाखवला. त्याआधी ठरावीक अंतरावर प्रकाशाचं विजेत रूपांतर करून सिग्नल पुन्हा उभा करावा लागे, आणि प्रत्येक तरंगलांबीला वेगळी यंत्रणा लागे. ईडीएफए मात्र सगळे चॅनेल एकाच कॉइलमधून एकदम वाढवतो.

तपासणी अवघड होते ती नेमकी याच सोयीमुळे. उत्तेजित आयनांचा साठा एकच असतो आणि सगळे चॅनेल त्यातूनच घेतात. ठिबकच्या नळीवरचे बहुतेक ड्रिपर बंद केले की उरलेल्यांवर दाब वाढतो, तसंच इथे होतं. म्हणून कुठल्याही एका चॅनेलचा गेन हा त्याच्या सोबत्यांवरही अवलंबून असतो.

आकड्यांत पाहू, म्हणजे पुढचं सगळं याच उदाहरणावर बोलता येईल. समजा अ‍ॅम्प्लिफायर ४० चॅनेलचा आहे, गेन २० डीबी आणि एकूण आउटपुट २० डीबीएम. ४० चॅनेल म्हणजे १६ डीबी. तेव्हा आउटपुटला प्रत्येक चॅनेलच्या वाट्याला ४ डीबीएम येतात, इनपुटला प्रत्येकी उणे १६ डीबीएम, आणि इनपुटची एकूण पॉवर ० डीबीएम. आता पंपाचा करंट तोच ठेवून उणे १६ चा एकच चॅनेल लावला, तर गेन २० च्या बराच वर जाईल. उलट तोच चॅनेल ० डीबीएमने लावला तर सॅच्युरेशन जवळपास खऱ्यासारखं येईल, पण बाकीच्या ३९ जागी काय चाललं आहे याचा पत्ता लागणार नाही. १५३२ आणि १५५५ नॅनोमीटरला एर्बियम सारखं वागत नाही.

लोड कसा द्यावा

सर्वांत सरळ मार्ग म्हणजे ग्रिडवरच्या प्रत्येक जागेला एक लेझर. आयटीयूच्या जी.६९४.१ शिफारशीत ही ग्रिड १९३.१ टेराहर्ट्झपासून मोजली आहे. १०० गिगाहर्ट्झचं अंतर म्हणजे साधारण ०.८ नॅनोमीटर, ५० चं ०.४. उत्पादकाच्या कारखान्यात ४० लेझरचा असा संच असतो. कॉलेजला किंवा साइटवर फिरणाऱ्या टीमला तो परवडत नाही, आणि प्रत्येक वेळी लागतही नाही.

नेहमीच्या तापमानाला एर्बियमचा गेन बऱ्याच अंशी सगळ्या पट्ट्यात एकत्रच खाली-वर होतो. एका तरंगलांबीने ओढलेली ऊर्जा इतर तरंगलांबींनाही कमी पडते. याचा फायदा घेऊन ४० लेझरच्या जागी सहा-आठ लेझर पट्ट्यात पसरून लावता येतात. प्रत्येकाला त्याच्या आसपासच्या चॅनेलची मिळून होणारी पॉवर द्यायची, आणि एक क्षीण प्रोब लेझर प्रत्येक चॅनेलच्या जागी फिरवत गेन मोजायचा. एक सावधगिरी मात्र घ्या. ताकदवान लेझर आपल्या तरंगलांबीच्या आसपास गेनमध्ये एक उथळ खड्डा पाडतो. तो काही दशांश डीबीचाच असतो, पण १५३० च्या बाजूला जास्त जाणवतो. प्रोब त्या लेझरच्या अगदी शेजारी नेला तर तुम्ही खड्ड्याचाच तळ मोजाल.

तिसरा मार्ग मला सर्वांत व्यवहार्य वाटतो. एका ईडीएफएचा स्वतःचा पसरट प्रकाश, म्हणजे एएसई, घ्यायचा, वेव्हलेंग्थ सिलेक्टिव्ह स्विचमधून त्याला चॅनेलसारखा आकार द्यायचा आणि त्याने पट्टा भरायचा. जिथे मोजायचं तिथे खाच ठेवून खरे चॅनेल बसवायचे. समुद्राखालच्या केबलमध्ये रिकाम्या जागा अशाच एएसईने भरून ठेवतात, त्यामुळे ही केवळ प्रयोगशाळेतली युक्ती राहिलेली नाही. सी-बँडभर सपाट एएसई, आकार देणारा स्विच आणि दोन-तीन ट्यूनेबल लेझर एवढ्या सामानात चांगली टेस्ट बेंच उभी राहते.

पूर्ण लोडवर एकदा मोजून थांबू नका. अर्धा लोडही द्या, आणि तो दोन्ही बाजूंनी : एकदा फक्त कमी तरंगलांबीचे, म्हणजे निळ्या बाजूचे चॅनेल, एकदा फक्त लाल बाजूचे. मग शेवटी एकच चॅनेल. नवी लिंक पहिल्या दिवशी भरलेली नसते. दोन-चार चॅनेलने सुरू होते आणि वर्षभरात भरत जाते, म्हणून या सगळ्या अवस्थांत ती नीट चालायला हवी.

टेबलावर बसण्याआधी

२० डीबीएम म्हणजे १०० मिलिवॅट. हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण डोळ्याला इजा करतो. कनेक्टरचं टोक स्कोपखाली तपासण्याआधी पंप बंद झाला आहे हे पॉवर मीटरने पाहा, पॅनेलवरच्या दिव्यावर विसंबू नका. चालू पॉवरवर कनेक्टर कधीही काढू-घालू नका. टोकावर धुळीचा कण असेल तर या पॉवरला तो जळून काचेत रुततो, आणि मग ते टोक कितीही पुसलं तरी साफ होत नाही. आधी स्कोपने पाहायचं, मग साफ करायचं, पुन्हा पाहायचं आणि मगच जोडायचं, हा क्रम दोन्ही बाजूंच्या टोकांना लागू आहे. हिरवा एपीसी आणि निळा यूपीसी कनेक्टर एकमेकांत घालू नका. एपीसीचं टोक आठ अंशांत तिरकं घासलेलं असतं, त्यामुळे मध्ये फट राहते आणि दोन्ही टोकं खराब होऊ शकतात.

पावसाळ्यात एसी गाडीतून उतरवलेला स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर दमट शेल्टरमध्ये लगेच चालू करू नका. आतल्या आरशांवर आणि ग्रेटिंगवर बाष्प धरतं. पेटी बंद ठेवूनच तो खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग चालू करा आणि तासभर तापू द्या.

इनपुटचा संदर्भ ज्या पॅचकॉर्डने घेतला तीच पॅचकॉर्ड अ‍ॅम्प्लिफायरला लावा. कनेक्टर काढून पुन्हा लावला की एक-दोन दशांश डीबी इकडेतिकडे होतातच. दोनदा-तीनदा जोडून तुमच्या सेटअपला किती फरक पडतो हे पाहून ठेवा आणि अहवालातले आकडे त्याहून बारीक लिहू नका. अ‍ॅनालायझरचं कमाल इनपुट २० डीबीएमच्या आसपास असेल तर मध्ये १० डीबीचा पॅड लावा, आणि तो पॅड पट्ट्याच्या दोन्ही टोकांना किती घट देतो हे आधी मोजा.

गेन आणि त्याचा उतार

गेन मोजणं सोपं आहे. आउटपुटच्या ट्रेसमधून इनपुटचा ट्रेस चॅनेलगणिक वजा करायचा. दोन्ही वेळा तेच यंत्र असल्याने त्याच्या पॉवर मापनातली ठरावीक चूक आपोआप कटते. पाहायचं ते सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी गेनमधलं अंतर. गेन सपाट करणारा फिल्टर आत बसवलेला असतो, पण तो एका ठरावीक गेनसाठी कापलेला असतो. त्या गेनवरून हललात की पट्टा झुकतो. सरासरी गेन १ डीबीने बदलला तर १५३० कडच्या चॅनेलचा गेन १५६० कडच्यापेक्षा जास्त बदलतो. म्हणून व्हेरिएबल गेनचा अ‍ॅम्प्लिफायर असेल तर कमाल, किमान आणि मधल्या अशा तिन्ही गेनवर, प्रत्येक वेळी पूर्ण लोड देऊन, सपाटपणा पाहा. एका यंत्रात एखाद्या चॅनेलला अर्धा डीबी कमी पडला तर कुणी लक्ष देत नाही. त्याच नमुन्याची दहा यंत्रं एकापाठोपाठ लागली की तो चॅनेल ५ डीबीने खाली गेलेला असतो.

ध्रुवीकरणानुसार बदलणारा गेन पोलरायझेशन स्क्रॅम्बलर लावून थोडक्यात तपासता येतो. चांगल्या ईडीएफएमध्ये तो फार त्रास देत नाही.

नॉइज फिगर : इथे घाई करू नका

गेनमध्ये यंत्राची चूक कटते, नॉइज फिगरमध्ये कटत नाही. इथे एएसईची पॉवर खरोखर किती आहे आणि ती किती रुंद खिडकीतून मोजली हे दोन्ही अचूक हवं. हिशोब असा : आउटपुटला चॅनेलच्या तरंगलांबीवर ०.१ नॅनोमीटर खिडकीतली एएसई डीबीएममध्ये घ्या, त्यातून गेन वजा करा आणि ५८ मिळवा. हा ५८ कुठून आला? १५५० नॅनोमीटरच्या आसपास ०.१ नॅनोमीटर म्हणजे साधारण १२.५ गिगाहर्ट्झ, आणि एवढ्या खिडकीत फोटॉनची ऊर्जा गुणिले बँडविड्थ उणे ५८ डीबीएम भरते. आपल्या उदाहरणात एएसई उणे ३३ डीबीएम दिसली तर उणे ३३, वजा २०, अधिक ५८, म्हणजे नॉइज फिगर ५ डीबी. गेन भरपूर असताना निसर्गाची मर्यादा ३ डीबी आहे. त्याखालचा आकडा ईडीएफएला आला तर आनंद मानू नका, सेटअप तपासा. गेन १० डीबीच्या आसपास असेल तर सूत्रातला गेनच्या व्यस्ताचा छोटा भागही धरावा लागतो, त्याने एखाद्या दशांश डीबीचा फरक पडतो.

आता चुका शिरतात कुठून ते पाहू. पहिली वाट खिडकीची. अ‍ॅनालायझरवर ०.१ निवडलं तरी खरी खिडकी ०.१२ असू शकते, आणि तेवढ्यानेच नॉइज ०.८ डीबीने जास्त दिसतो. एखादा अरुंद, स्थिर लेझर लावून त्याच्या ट्रेसखालचं क्षेत्रफळ काढा आणि शिखराने भागा, खरी खिडकी मिळेल. एकदा काढलेला हा आकडा यंत्रावर चिकटवून ठेवा.

दुसरी वाट लेझरच्या स्वतःच्या नॉइजची. लेझरचा संच जोडताना मध्ये बूस्टर लावला असेल तर इनपुटलाच नॉइज येतो. समजा इनपुटचा ओएसएनआर ४५ डीबी आहे, म्हणजे उणे १६ च्या चॅनेलखाली उणे ६१ डीबीएमचा नॉइज. २० डीबी गेननंतर तो उणे ४१ होतो आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या उणे ३३ मध्ये मिसळतो. वजा केला नाही तर नॉइज फिगर ५ ऐवजी ५.६ दिसतो आणि धडधाकट अ‍ॅम्प्लिफायर नापास होतो. म्हणून इनपुटचा नॉइजही मोजायचा, गेनने गुणायचा आणि मिलिवॅटमध्ये वजा करायचा. डीबीएमचे आकडे थेट वजा करायचे नाहीत.

तिसरी वाट इंटरपोलेशनची. चॅनेलच्या नेमक्या जागी सिग्नल बसलेला असतो, त्यामुळे एएसई दोन चॅनेलच्या मधल्या दरीत मोजून मध्यावर अंदाज बांधतात. १०० गिगाहर्ट्झच्या ग्रिडवर दरी ०.४ नॅनोमीटरवर येते, ५० च्या ग्रिडवर ०.२ वर. तेवढ्या अंतरावर अ‍ॅनालायझरची स्वतःची शेपटी किती खाली जाते हे आधी पाहा. उदाहरणातल्या अ‍ॅम्प्लिफायरचा आउटपुट ओएसएनआर ३७ डीबी आहे, म्हणजे शेपटी ४७ च्या खाली तरी हवी. तपासणी सोपी आहे. अरुंद लेझर थेट अ‍ॅनालायझरला लावा. दरीच्या जागी जे दिसतं तो यंत्राचा तळ.

साधे, मॉड्युलेशन नसलेले लेझर असतील तर ही पद्धत छान चालते. आयईसीच्या ६१२९०-१०-४ या प्रमाणात तिची रीतसर मांडणी आहे. ५० गिगाहर्ट्झ ग्रिडवर रुंद कोहेरंट सिग्नल बसले की मात्र दरी भरून जाते. तेव्हा त्या एका चॅनेलला क्षणभर बंद करून त्याच जागी एएसई वाचा. चाळीसातला एक गेल्याने एकूण पॉवर फारशी हलत नाही.

प्रयोगशाळेसाठी आणखी एक सुंदर पद्धत आहे, आयईसी ६१२९०-१०-१ मधली. एर्बियमचे आयन उत्तेजित अवस्थेत साधारण १० मिलिसेकंद राहतात. इनपुटचा प्रकाश काही मायक्रोसेकंदांसाठी तोडला तर सिग्नल नाहीसा होतो पण आयनांची अवस्था अजून हललेली नसते. त्या फटीत वेगवान स्विचने फक्त एएसई अ‍ॅनालायझरला द्यायची. नॉइज चॅनेलच्या नेमक्या जागीच वाचता येतो आणि लेझरच्या नॉइजचा प्रश्नही सुटतो. एखाद्या कॉलेजला दोन अकूस्टो-ऑप्टिक स्विच मिळत असतील तर पदव्युत्तर प्रकल्पासाठी हा विषय जरूर द्यावा.

इतकी काटेकोरी कशासाठी? दहा सारख्या अ‍ॅम्प्लिफायरच्या साखळीचा ओएसएनआर ५८ मधून चॅनेलच्या इनपुट पॉवरचे १६, नॉइज फिगरचे ५ आणि दहा यंत्रांचे १० वजा करून २७ डीबी येतो. यात नॉइज फिगरचा प्रत्येक दशांश जसाच्या तसा उतरतो, आणि चुकीचा आकडा धरून लिंक आखली तर ती चूक साखळीच्या शेवटच्या रिसीव्हरला भोवते.

एकच चॅनेल उरतो तेव्हा

आजचे अ‍ॅम्प्लिफायर गेन आपोआप धरून ठेवतात. इनपुट आणि आउटपुटची एकूण पॉवर फोटोडायोडने पाहून पंपाचा करंट बदलतात. पण आउटपुटच्या फोटोडायोडला सिग्नल आणि एएसई यांतला फरक कळत नाही. उदाहरणात ०.१ नॅनोमीटरला उणे ३३ डीबीएम एएसई आहे. ३२ नॅनोमीटर पट्ट्यात ती एकूण उणे ८ भरते. ४० चॅनेलच्या २० डीबीएमपुढे ती नगण्य आहे. एक चॅनेल ४ डीबीएमचा असेल तर पाव डीबीच्या आसपास फरक पडतो. पण लिंकची घट वाढून तोच चॅनेल इनपुटला उणे २६ वर आला, तर आउटपुट उणे ६ आणि एएसई उणे ८; दुरुस्ती केली नसेल तर यंत्र दोन डीबी कमी गेन देईल आणि पॅनेलवर मात्र २० दाखवेल. म्हणून एकच क्षीण चॅनेल लावून अ‍ॅनालायझरवरचा गेन आणि यंत्राने दाखवलेला गेन ताडून पाहा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि सॉफ्टवेअरमधले दोष इथेच उघडे पडतात.

यापुढची टेस्ट ट्रान्झियंटची, आणि ती टाळली जाते याचं मला वाईट वाटतं. समजा पुण्याकडून ३५ आणि नाशिककडून ५ चॅनेल एका जंक्शनवर मिळून मुंबईकडे निघाले आहेत. रस्ता रुंद करताना जेसीबीने पुण्याकडची फायबर तोडली. जंक्शननंतरच्या अ‍ॅम्प्लिफायरचं इनपुट एका क्षणात ९ डीबीने पडतं आणि पंपाने मागे सरायच्या आत नाशिकच्या पाच चॅनेलची पॉवर उसळते. त्यांची फायबर शाबूत आहे, तरी त्यांच्यात चुका येऊ लागतात. उसळी दहा-शंभर मायक्रोसेकंदांच्या घरात घडते आणि साखळीत पुढे पुढे वाढत जाते.

स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर यासाठी फार सावकाश आहे. आयईसी ६१२९०-४-१ मधली दोन तरंगलांबींची पद्धत वापरा. एक लेझर उरणाऱ्या चॅनेलचा, दुसरा जाणाऱ्या सगळ्यांची मिळून पॉवर असलेला. दुसरा वेगवान स्विचने तोडायचा, आउटपुटला फिल्टर लावून फक्त उरलेला चॅनेल फोटोडायोडवर घ्यायचा आणि ऑसिलोस्कोपवर पाहायचा. फोटोडायोड डीसी-कपल्ड हवा आणि त्याच्या सरळ रेषेतल्या भागात चालायला हवा; अंधारातलं व्होल्टेज वजा करूनच डीबी काढा. उसळी किती, ती शमायला किती वेळ लागला आणि शमल्यावर चॅनेल मूळ पातळीपासून किती दूर राहिला, असे तीन आकडे नोंदवा. तिसरा आकडा लोक विसरतात, पण साखळीत तोच कायमचा साचतो. उरणारा चॅनेल निळ्या टोकाला, मध्ये आणि लाल टोकाला ठेवून तिन्ही वेळा मोजा. मग चॅनेल परत जोडतानाचा धक्काही पाहा.

रामन अ‍ॅम्प्लिफायर असेल तर लाइनची फायबर हेच त्याचं माध्यम असतं, म्हणून त्याची खरी तपासणी साइटवरच होते : पंप बंद असतानाची आणि चालू असतानाची सिग्नल पातळी मोजून. १४५० नॅनोमीटरच्या आसपासचा काहीशे मिलिवॅटचा पंप उलट दिशेने लाइनमध्ये जातो, तेव्हा त्याआधी ओटीडीआरने पहिल्या काही किलोमीटरचे जोड तपासा, ओटीडीआर काढा आणि मगच पंप चालू करा. फायबर सुटल्यावर पंप आपोआप बंद होतो का, ही टेस्ट सर्वांत आधी.

अहवालात प्रत्येक आकड्याशेजारी लोड लिहा : किती चॅनेल, कोणत्या जागी, प्रत्येकी किती पॉवर, गेन किती ठेवला होता, तापमान काय होतं आणि खिडकी किती. स्पेक्ट्रमच्या मूळ फाइल सोबत जोडा, स्क्रीनच्या फोटोवर भागवू नका. पुढे कधी त्याच लिंकवर ४० चे ८० चॅनेल करायचे ठरलं की नवा ट्रेस याच फाइलवर ठेवून पाहावा लागतो.